उलटे मोर

ललितला ऑफिस सोडायला मीच लावलं, म्हणून भीतीही जास्त माझ्याच वाट्याला आली.

इकडे गुजरातेत, रिंग रोडवरच्या एका ऑफिसात तो साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं करायचा. कॉम्प्युटरवर फाईल बनवायची, ती मशीनला द्यायची, की मशीन निमूटपणे सांगितल्या जागी टाके घालतं. शेठची बोलणी खाऊन घरी आला, की समोर वाढलेलं ताटही त्याला दिसायचं नाही. शेवटी एकदा मीच वैतागून म्हटलं, सोडा ती नोकरी आणि घरीच काम करा. बोलायला काय जातं? या माणसाने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं लगेच ऐकलं.

बमरोलीतल्या आमच्या खोलीत कपाट सरकवून आम्ही कॉम्प्युटर मांडला. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे आणि वाजला नाही तर तो चालू आहे ना, ते बघायचे.

पहिलं काम दिलं ते छगनभाईंनी. सचिन नावाच्या गावात त्यांचा भरतकामाचा कारखाना. गुजराती लग्नांच्या साड्या होत्या, पदरावर मोर हवे होते. हे काम चांगलं उतरलं तर पुढची कामं मिळणार, नाहीतर ललितला त्याच शेठच्या पायरीशी जाऊन उभं राहावं लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याने मला आरशासमोर उभं केलं, मोर छातीवर बरोबर मधोमध यावा म्हणून माझ्या पदरावर टेप लावून मोजमाप घेतलं. मीही नव्या नवरीसारखी लाजत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी छगनभाईंचा निरोप आला, मशीन सुरू केलंय.

दुपारी शेजारच्या जागृतीबेन लग्नाला निघाल्या आणि घराची किल्ली द्यायला आमच्या दारात आल्या. गुजराती पद्धतीने पदर मागून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे छातीवर सोडलेला. मी किल्ली घेतली आणि त्यांच्या पदराकडे बघतच राहिले. आपला पदर छातीवरून वर खांद्याकडे जातो. त्यांचा खांद्यावरून छातीवर खाली उतरतो. माझ्या अंगावर ताठ उभा असलेला मोर गुजराती नवरीच्या अंगावर पाय वर, डोकं खाली लटकणार होता. ऑफिसात गुजराती मास्तर प्रत्येक फाईल नजरेखालून घालायचे. घरी बघायला मी होते, आणि मी पडले धुळ्याकडची.

ललितला सांगितलं, तर तो खुर्चीतच बसून राहिला. "चंचल, उलटं व्हई गयं," एवढंच म्हणाला. छगनभाई फोन उचलेनात. आम्ही स्कूटर काढली. सचिनपर्यंत त्याने ती कुठेही थांबवली नाही. मी त्याचा शर्ट मुठीत धरून बसले होते.

कारखान्यात छगनभाई खुशीत होते. तयार साड्या टेबलावर पसरलेल्या, मोर असे देखणे की माझ्याच जिवाला चटका लागला. साड्या सपाट पसरलेल्या, त्यामुळे वर कुठलं नि खाली कुठलं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढचं कामही तुलाच, असं त्यांनी ललितला सांगितलं. ललितने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग माझ्याकडे सरकून तो कुजबुजला, "कोनी देखं नही शे. चूप ऱ्हाय."

खरं सांगते, मलाही गप्प राहावंसं वाटलं. साड्या विकल्या जातील, दुकानात जातील, तोवर आम्हाला आणखी कामं मिळालेली असतील. पण मशीनच्या सुया एकसारख्या खालीवर होत होत्या आणि दर टाक्याला ती चूक वाढत होती. कधीतरी कुठल्यातरी मांडवात कुणीतरी बोट दाखवणारच. रोज त्या दिवसाची वाट बघत जगणं मला झेपलं नसतं.

मी एक साडी उचलली, माझ्या साडीवरूनच तिचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे सोडला आणि छगनभाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"बेन, आ शुं करो छो?" म्हणता म्हणता त्यांची नजर मोरावर गेली. "मशीन बंध कर," त्यांनी कारागिराला सांगितलं, आणि खडखडाट थांबला.

ललितने चूक कबूल केली, खराब झालेल्या साड्यांची भरपाई कामातून करून देईन म्हणाला. छगनभाईंनी त्याला तिथल्याच कॉम्प्युटरवर बसवून फाईल सुधारून घेतली. जाताना तो दारात रेंगाळला. पुढच्या कामाचा विषय त्यांनी काढला नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

स्कूटरवर बसल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, "तू कसाले दाखाडं?"

मला उत्तर माहीत होतं. पण त्याच्या आवाजात राग आहे की रडू, ते मला कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नवऱ्याची भीती वाटली.