श्वास आत ओढून घेतलेलं माप

एक विचारू? माप घ्यायचं झालं तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? डोळ्यांवर, समोरच्याच्या शब्दावर, की माझ्यावर? घाई नाही, सावकाश सांगा. मी मात्र आयुष्यभर एकच ऐकत आले, "माणूस खोटं बोलंल, टेप न्हाई बोलणार."

मी शिलाईची टेप बोलतेय. रंगाने पिवळी, साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. संगमनेरच्या बाजारात कातर, खडू, बॉबिन यांच्याबरोबर एका काचेच्या कपाटात पडून होते. शिवणकाम करणाऱ्या मरियाने मला उचललं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, दुकानाच्या लोखंडी पट्टीवर ठेवून इंच न् इंच जुळवला आणि मगच घेतलं. दुकानदार म्हणाला, "ताई, सोनं घ्यायला आलात का?" ती म्हणाली, "सोनं खोटं निघालं तर माझं एकटीचं नुकसान. ही खोटी निघाली तर गावभरच्या बायकांचे ब्लाउज बिघडतील."

तेव्हापासून सहा वर्षं मी तिच्या गळ्यात. चर्चमागच्या आळीत तिचं घर, पुढच्या खोलीत मशीन. नवरा शांतवन दूध संघाच्या गाडीवर. पहाटे जायचा, दुपार टळल्यावर यायचा. दोघंच. तिसऱ्याची वाट पाहत होते, पण तो विषय घरात कमी आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी जास्त.

या धंद्यात माणसं फार ओळखता येतात. एक गुरुजी दर वर्षी सांगायचे, "कंबर बत्तीस धरा." मी अडतीस दाखवायचे. मरिया त्यांचा मान राखून तोंडाने बत्तीस म्हणायची आणि वहीत अडतीस लिहायची. कपडा अंगात बसला की गुरुजी खूश. बायकांचं वेगळंच. मी पोटाशी आले रे आले की श्वास आत. मरिया माझं टोक धरून तशीच उभी राहायची. "सोडा मावशी श्वास. जेवल्यावर कुठं लपवणार हाय पोट?" मावशी हसायची, हसताना श्वास सुटायचा, आणि तेवढ्यात मरिया आकडा वाचून घ्यायची. हसवून खरं माप घ्यायची ही तिची विद्या.

दिवाळीची शिवण संपली आणि तिच्या डाव्या ओटीपोटात दुखायला लागलं. पाळी पुढे-मागे झाली होती. तिला वाटलं, दिवस राहिले. ती हसतमुखाने तपासायला गेली. मी तिच्या पिशवीत होते. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिवस नाहीत. डाव्या अंडाशयावर गाठ आहे, पाण्याची. पाच सेंटीमीटर."

"गाठ म्हणजे... ती गाठ?"

"तसं काही दिसत नाही. अशा गाठी बऱ्याचदा आपोआप जिरतात. सहा आठवड्यांनी परत पाहू. मध्ये कधीही जोराची कळ आली, उलटी झाली, तर मात्र घरी थांबायचं नाही."

घरी आल्यावर तिने मला उलटं केलं. माझ्या पाठीवर सेंटीमीटर आहेत, पण सहा वर्षांत तिने ती बाजू कधी वापरली नव्हती. आमच्या धंद्यात सगळं इंचात. शून्यावर एक नख, पाचावर दुसरं. मधली जागा ती बघत बसली. ब्लाउजच्या दोन हुकांत असतं तेवढं अंतर. मग हळूच ते अंतर पोटावर ठेवून पाहिलं.

शेजारची बनुबाई मळ्यातून भाजी घेऊन यायची. तिला कळल्यावर म्हणाली, "भिऊ नगं. माझ्या नणंदेला हुती अशीच. ओवा खाल्ला, म्हैनाभरात गेली."

"कोण गेली? गाठ का नणंद?"

बनुबाई पोट धरून हसली. मरियाही हसली. बनुबाई गेल्यावर मात्र ती मशीनवर हात ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली. सुईत दोरा ओवलेला, पाय पायडलवर, आणि मशीन बंद.

दुसऱ्या दिवसापासून एक नवाच नेम सुरू झाला. शांतवन गाडीवर गेला की ती मला स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळायची. बेंबीखाली चार बोटं. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि आकडा. नाव नाही. पहिल्या दिवशी तीस.

मला सांगावंसं वाटायचं, अगं मरिया, मी बाहेरचं माप. आतलं मला काय कळणार? पण तिला सहा आठवडे नुसतं बसून राहणं जमण्यातलं नव्हतं. ती शिवणारी बाई. जे मोजता येत नाही, त्याला तोंड कसं द्यायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी एकतीस दाखवलं. तिने आकडा वाचला. मला सैल केलं, परत आवळलं. आणि मग, माझी मरिया, जिने गावभरच्या बायकांना श्वास सोडायला लावला, तिने श्वास आत ओढून घेतला. वहीत लिहिलं, तीस. त्यानंतर रोज तीस. कधी दुखत असताना तीस, कधी डोळ्यांत पाणी असताना तीस. इतकं सुबक खोटं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि त्यात मी भागीदार होते.

शांतवन आल्या आल्या विचारायचा, "दुखतंय का गं?" ती म्हणायची, "न्हाई. हात धुवा, वाढते."

सहा आठवडे भरले ते नेमके नाताळाच्या तोंडावर. आळीतल्या पोरींचे फ्रॉक, बायकांचे ब्लाउज, चर्चमधल्या गाणाऱ्यांचे एका रंगाचे झगे. शांतवन म्हणाला, "उद्या जाऊ तपासायला." ती म्हणाली, "सणाला लोकांना उघडं ठेवू का? नाताळ झाला की जाऊ. आणि वाढलं न्हाई काही, मला म्हाईत हाय."

नाताळाला चार दिवस होते. सकाळी शांतवन गेल्यावर कळ आली. तिने माझं टोक दातांत धरलं. माझ्यावर ते व्रण अजून आहेत. ओकारी झाली. चूळ भरून ती परत मशीनवर बसली, एका गळ्याचं पायपिंग पुरं करायला. कळ ओसरायची, ती शिवायची. परत यायची, ती वाकायची. दुपारी बनुबाई ब्लाउज न्यायला आली, तेव्हा मरिया झग्यांच्या ढिगावर कपाळ टेकून पडली होती. बनुबाईने रिक्षा बोलावली आणि रस्ताभर तिचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात नर्सने मला तिच्या गळ्यातून काढून धावत आलेल्या शांतवनच्या हातात दिलं. त्याने खिशात कोंबलं. म्हणून मी सगळं ऐकलं. गाठ वाढली होती आणि तिच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडला होता. रक्त न पोचल्याने अंडाशय काळं पडलं होतं. काढावं लागलं.

"सकाळीच आणलं असतं तर कदाचित पीळ सोडवता आला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसरं अंडाशय चांगलं आहे. आशा सोडू नका. आधी दुखत नव्हतं का?"

"न्हाई म्हणायची," शांतवन म्हणाला. त्याचा हात खिशात होता आणि माझी घडी त्याच्या मुठीत चुरगळत होती.

त्या "कदाचित"चं माप माझ्याकडे नाही. ना इंचात, ना पाठीवरच्या बाजूला.

घरी आल्यावर गिऱ्हाइकांचे कपडे परत करताना शांतवनने वही उघडली आणि शेवटचं पान त्याच्या हाती लागलं. "हे कुणाचं माप?"

"माझं. वाढतंय का बघत हुते."

"रोज तीसच?"

"श्वास धरून घेत हुते."

तो खाली बसला. "मला सांगायचं हुतंस."

"तुमी विचारायचा, तवा तुमचं तोंड बघून न्हाई निघायचं. बाळ हवं हुतं तुमाला."

"मला तू हवी हुतीस," तो म्हणाला. मी त्या दोघांच्या मधे खाटेवर पडले होते.

आता दोन महिने होत आले. गाठ तपासली, त्यात भिण्यासारखं काही निघालं नाही. पुढच्या महिन्यात राहिलेल्या बाजूची सोनोग्राफी आहे आणि भीती परत घरात राहायला आली आहे. मरिया थोडं थोडं शिवते. पण मला गळ्यात घालत नाही. खिळ्यावर टांगते, लागले तर घेते, परत टांगते. गिऱ्हाईक श्वास ओढून उभं राहिलं तर पूर्वीसारखं हसवत नाही. नुसती थांबते.

परवा दुपारी तिने वहीचं कोरं पान काढलं. तारीख लिहिली. पुढे आकडा नाही. पेन्सिल बराच वेळ थांबली. मग लिहिलं, "पाठीत दुखलं. सकाळपासून. भीती वाटते." आणि ते पान उघडंच ठेवून ती चहा टाकायला गेली, शांतवनला दिसेल असं.

मी कापडाची पट्टी, माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. पण तुमच्याही घरात कुणीतरी "न्हाई, काही न्हाई" म्हणत असेल. कदाचित तुम्हीच. कपड्याच्या मापात ढील दिलेली चालते, दुखण्याच्या मापात देऊ नका. कधी दुखलं, किती दुखलं, कशाची भीती वाटली, तारखेसकट मांडा आणि आपल्या माणसाला वाचू द्या. एवढा एक हिशेब खरा ठेवा.