मैदान फिरवलं त्याची गोष्ट

नगररचना कार्यालयात तिला सगळे ‘मैदानबाई’ म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. शहर चहूबाजूंनी फुगत चाललं होतं, पण खेळायला हातभर जागा उरली नव्हती. साहेबांच्या मनात शहराबाहेर एकच भव्य स्टेडियम होतं. शाळेतून दमून आलेली मुलगी दोन बस बदलून खेळायला जाईल का, असं तिने त्यांना सरळ विचारलं. साहेबांनी वस्तीवस्तीत छोटी मैदानं आखायचं काम तिच्याच गळ्यात घातलं.

पहिल्याच मैदानाला विरोध झाला, आणि विरोधकांचा पुढारी निघाला तिचा सख्खा थोरला भाऊ. तो दातांचा डॉक्टर; घर आणि दवाखाना त्या मोकळ्या जागेला अगदी चिकटून. सुनावणीत तो बोलायला उठला तशी वहिनीने कपाळाला हात लावला.

“गोलपोस्ट माझ्या खिडकीसमोर आहे,” दादा म्हणाला. “पेशंटच्या तोंडात मशीन असताना चेंडू आत आला, तर जबाबदार कोण?”

सभागृहात हशा पिकला. ती मात्र नकाशाकडे बघत राहिली. जागा पूर्व-पश्चिम लांब, म्हणून तिने मैदानही तसंच टाकलं होतं. म्हणजे खिडकीचा प्रश्न होताच, शिवाय एका गोलकीपरच्या डोळ्यांत रोज मावळतीचं ऊन जाणार होतं. इतकी उघड गोष्ट आपल्या नजरेतून निसटावी, याचं तिला हसू आलं.

“दादाचं बरोबर आहे,” ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत तिने पेन्सिलने मैदान उत्तर-दक्षिण फिरवलं. साहेब हळूच म्हणाले, लहान होईल. होऊ दे, तिने सांगितलं. सात-सात जणांचे संघ फुटबॉल खेळतील, आणि दवाखान्याकडे उरलेल्या पट्ट्यात झाडं लावू, म्हाताऱ्यांना फिरायला वाट करू. विरोधाला उठलेले हात मंजुरीसाठीही उठले, दादाचा सर्वांत शेवटी.

मैदान सुरू झाल्यावर काही दिवसांनी दादाचा फोन आला. ती तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या जागेवर टेप धरून उभी होती. आता काचेचीच तक्रार असणार, असं समजून तिने फोन घेतला.

“अगं, संध्याकाळी दिवे कमी पडतात,” दादा धापा टाकत म्हणाला. “मला दिलेला पासच दिसत नाही.”