कोणतंही एक बटन

पाचवा ठिपका उमटला आणि थांबला. रंजूनं स्पेस दाबली, एंटर दाबलं, मग काय काय दाबलं ते तिचं तिलाही कळलं नाही — शेवटी अख्खा तळहातच तिनं कीबोर्डावर टेकवला, कणीक दाबावी तसा — आणि सीडीपासून सुरू करायला कोणतंही एक बटन दाबा असं इंग्रजीत सांगणारी ती पांढरी ओळ पुसली गेली. पडदा काळा. कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकली आणि तीही गेली. सकाळपासून अठरा वेळा हे झाल्याचं तिनं मोजलं होतं, पुढे मोजणं सोडलं.

कोणतंही एक... यंत्रानं याहून कमी काय मागावं? नेमकं अमुकच दाबा असंही त्याचं म्हणणं नाही. आणि तेवढंही जमेना ते कोणाला, तर उद्या अकरा वाजता भंडाऱ्याला जिची मराठी टायपिंगची परीक्षा आहे तिला. मिनिटाला तीस शब्द. तिसरी खेप, आणि शेवटची. नेमणुकीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, दोन वर्षांत प्रमाणपत्र आणलं नाही तर सेवा संपुष्टात. ते पत्र आलं तेव्हा कैलाशला, तिच्या नवऱ्याला, जाऊन तेरा महिने झाले होते. त्याच्याच ऑफिसात, त्याच्या जागी अनुकंपावर ती लागणार म्हणून आसगावात सगळे म्हणाले, पोरीचं नशीब, लेकरू शिकेल. रंजूही तेच म्हणत आली. कोणी विचारलं की खाली मान घालून सांगायची, मले कायची हौस, लेकीसाठी, रक्षासाठी करतो. तेव्हापासून हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की खरं आहे की नाही हे तपासायची वेळच आली नव्हती.

गुरुवारी लाइट तीनदा गेली नि आली, आणि ती सराव करायची तो कैलाशचा हा जुना कॉम्प्युटर चालू होता होताच अडकून बसला. शुक्रवारी ऑफिसातून अर्धी रजा काढून तिनं नुसता सीपीयूचा डबा स्कूटीवर पायांशी ठेवून पवनीला नेला. दुकानदारानं आपला पडदा, आपला कीबोर्ड जोडला, विंडोज नव्यानं टाकायची सीडी घातली, काही तरी बदललं, एक बटन दाबलं आणि पडदा निळा झाला — तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याला मेहुणीच्या लग्नाला निघायचं होतं. तासभर लागतो मॅडम, घरी लावा, एक बटन दाबा, बाकी ते आपोआप करते, असं म्हणून त्यानं शटर ओढलं ते मंगळवारपर्यंत.

म्हणजे यंत्र ठीक. सीडी ठीक. त्याच्या बोटाचं ऐकलं, माझ्या बोटाचं ऐकत नाही... डाव्या करंगळीकडे तिची नजर गेली. लग्नानंतरच्या पहिल्याच धानकापणीत विळा लागला आणि ती अर्धीच वाकू लागली. टायपिंगमध्ये याच बोटावरचे अनुस्वार सुटतात, दोन्ही वेळा त्यांनीच घात केला. ऑफिसात कोणी वाईट वागत नाही, मॅडम म्हणतात, आवक-जावकचं रजिस्टर पुढे सरकवतात, आणि तातडीचं पत्र निघायचं असलं की तिच्या टेबलावरून पलीकडे नेतात. त्या पलीकडे नेण्यातच सगळं येतं.

खिडकीबाहेर खेमराज अंगणात पसरलेलं धान पायांनी फिरवत होता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मागे पायांच्या सारख्या रेघा सोडत. तिचा दीर. त्याच्या ट्रंकेत चाळीसच्या वेगाचं प्रमाणपत्र नऊ वर्षांपासून पडून आहे. पाच परीक्षा दिल्या, कुठे लागला नाही. कैलाश गेल्यावर सासूनं, पुष्पाबाईनं, ऑफिसात जाऊन विचारलंसुद्धा, आणि लग्न झालेल्याचा भाऊ नियमात बसत नाही हे ऐकून ती दुसऱ्यांदा रडली. अजूनही रंजू नापास झाली की सासू भांडत नाही, फक्त म्हणते, खेमराजच्या हाताले किती वेग हाये.

सुरुवातीला आठ दिवस त्यानंच शिकवलं होतं. खुर्चीमागे उभा राहायचा. आणि रंजू एखाद्या अक्षरावर अडली की त्याची बोटं खुर्चीच्या पाठीवर ते अक्षर वाजवायची... ते तिच्या पाठीत टोचायचं. नवव्या दिवशी ती म्हणाली, राहू द्या भाऊजी, मी करतो माझी माझी. त्यानंतर दोन वर्षांत तिनं त्याला एक शब्द विचारला नाही.

तीन वाजले. अजून एकदा ठिपके आले आणि गेले, आणि मग तिला रडूच कोसळलं. पदरानं तोंड पुसून तिनं खिडकीतून खेमराजला हाक मारली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

तो हात धुऊन आला. केसांत तूस होतं. खुर्चीवर बसला, डब्याचं बटन दाबलं, ठिपके आले. त्यानं स्पेस दाबली. एंटर. मग दाही बोटं एकदम उतरली, अशी चपळ, अशी बिनचूक. पडदा काळा झाला. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा काळा.

आणि रंजूला आनंद झाला. साधा नव्हे, लाज वाटावी असा, छातीतून उसळून आलेला. याचंही ऐकत नाही! चाळीसचा वेग, आणि याचंही नाही!

"हा कीबोर्ड नवा हाये न वहिनी?" तो पडद्याकडे पाहतच म्हणाला. "विंडोज चालू झाल्यावरच जागा होत असन. तोवर मशीन त्याले ओळखत नाही. जुना कुठी हाये?"

अक्षरं पुसली म्हणून दिवाळीआधी तो भंगारात दिल्याचं तिनं सांगितलं. मग आज काही होत नाही, असं तो म्हणाला. पण उठला नाही.

त्याची बोटं बटनांवरच होती. ती हलू लागली — आधी हळू, मग भरभर, काळ्या पडद्यासमोर, डोळे मिटून. कसला तरी उतारा असावा, नऊ वर्षांपूर्वीचा, पाठ झालेला. एकही बोट अडत नव्हतं. नखांत धानाची माती होती. रंजूचा आनंद कुठल्या कुठे गेला. हा माणूस रोज इथे बसला असता... रोज, आणि सुखानं. त्याला बसू द्यावं, निदान हा उतारा संपेपर्यंत, असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिनं खुर्चीची पाठ धरली.

"उठा भाऊजी," ती म्हणाली. "मले बसू द्या."

बोटं थांबली. तो उठला, बाजूला झाला, पण गेला नाही. रंजू बसली. बटनं अजून कोमट होती. तिनं करंगळी जितकी वाकते तितकी वाकवून जागेवर ठेवली आणि काही न दिसणाऱ्या पडद्यावर पहिला शब्द मारला, दुसरा मारला. मागे तो उभा आहे हे तिला कळत होतं. त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि तरी ही जागा तिला त्याला द्यायची नव्हती — त्याला नाही, कोणालाच नाही. रक्षाचं नाव मनात आणून पाहिलं, कैलाशचं आणून पाहिलं. दोघंही या हवं असण्यात कुठे नव्हती.