नावाशिवाय गहू

माझा भाऊ मानूसोस वीस वर्षं समोरच्या प्लाका गावाहून नावेनं लोकांना स्पिनालोंगा बेटावर नेतो. किल्ला दाखवतो, तोफांच्या गोष्टी तोंडाला फेस येईपर्यंत सांगतो. पण महारोग झाला म्हणून आमच्या बापाला याच बेटावर आणून टाकलं आणि तो इथंच मेला, हे सांगायचं म्हटलं की याची दातखीळ बसते. बाप समुद्रात बुडाला, म्हणतो!

यंदा बेटावरच्या देवळातल्या सणाला मी, मेलेल्यांसाठी शिजवून वाटतात तसे, बाबांच्या नावानं गहू शिजवले, वर साखर नि डाळिंबाचे दाणे घातले. ते पातेलं घेऊन नावेत चढले, तर हा धावत आला.

"आर्गिरोताई, आजच सुचलं का तुला? देस्पिनाच्या सासरची माणसं बरोबर आहेत. माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचंय?"

"आणि बापाला किती वर्षं बुडवून ठेवणार आहेस?"

"पाया पडतो तुझ्या."

झालं, मी विरघळले. मेली मी अशीच! पाद्रीबाबांनी प्रार्थनेत वाचायच्या चिठ्ठीवरचं बाबांचं नाव खोडलं नि 'सर्व मृतांसाठी' असं लिहिलं. फार वाईट वाटलं.

प्रार्थना झाली. मी गहू वाटायला लागले. देस्पिनाची होणारी आजेसासू ख्रिसांथी हिनं ओंजळ पुढं केली.

"कुणाचे गं?"

"सगळ्यांचे, आजी."

"सगळ्यांचे म्हणजे? नाव घेऊन 'देव त्याला क्षमा करो' म्हटल्याशिवाय दाणा तोंडात टाकायचा कसा? तू शिजवलेस ना? मग तुझं कोण गेलं ते सांग की!"

म्हातारी खाईना, तशी बाकीचेही थांबले. मी मानूसोसकडे पाहिलं. खोटं याचं, पोरगी याची. बोलू दे यालाच.

मानूसोस घाम पुसत पुढं आला. "स्त्रातिसचे. आमच्या वडिलांचे. ते बुडाले नाहीत, आजी. नऊ वर्षं इथं होते. रोज संध्याकाळी या तटावरून आम्हाला हात करायचे. गावातली पोरं चिडवायची, म्हणून मी... मी एकदाही उलट हात केला नाही."

ख्रिसांथी आजीनं गहू तोंडात टाकले.

"देव स्त्रातिसला क्षमा करो," ती म्हणाली. "देस्पिना, बघत काय बसलीस? घे. तुझे आजोबा आहेत."

देस्पिनानं हात पुढं केला, पण मला वाढायचं सुचेना. लहानपणी पलीकडच्या किनाऱ्यावर मी पुढं उभी राहून दोन्ही हात हलवायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं, मागं हाही हलवतोय. बाबांना मात्र इथून सगळं दिसत असणार.