सात नंबरची काठी आणि विमलाबाईंचे टाळ

या मित्रांनो, थोडे पुढे सरका. कीर्तनाला बसतो तशी मांडी घाला. आज मी तुम्हाला एका भ्यालेल्या माणसाची आणि त्याच्याहून जास्त भ्यालेल्या काठीची गोष्ट सांगणार आहे. ती काठी म्हणजे मीच.

मी एक जुनी गोल्फची काठी आहे. सात नंबरची. खाली लोखंडी पाते, वर पोलादी दांडा, धरायला रबरी मूठ. मुंबईतल्या एका मैदानावर मी एका साहेबांच्या पिशवीत पुष्कळ वर्षे राहिले. त्यांनी नव्या काठ्या घेतल्या आणि मला काशीनाथला देऊन टाकले. काशीनाथ त्यांची ती जड पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर चालायचा. अशा माणसाला तिथे कॅडी म्हणतात. त्याने मला भाईंदर पूर्वेच्या आपल्या खोलीत आणले, त्याची बायको उर्मिला हिने देवाजवळ उभे केले आणि खंडेनवमीला मला हळदकुंकू लावले. तेवढा मान मला साहेबांकडेही मिळाला नव्हता.

मग एक्याण्णव साली काशीनाथची पाठ गेली. डॉक्टरांनी ओझे बंद करायला सांगितले. ओझे बंद म्हणजे कामच बंद. मैदानाच्या मंडळींनी एक वाट ठेवली. नव्या लोकांना शिकवायला माणूस हवा होता. दिवाळीनंतर चाचणीत सरळ फटके मारून दाखव, तुला ठेवून घेऊ, असे ते म्हणाले.

सरावाला भाईंदरात जागा कुठली? सुट्टीच्या दिवशी तो मला घेऊन चेणे गावी सासुरवाडीला जाऊ लागला. भात कापून शेत मोकळे झाले होते. तिथेच ते घडले, मित्रांनो. चेंडू माझ्या पात्याच्या कडेला लागला आणि आडवा सुटला. बांधावरून चहाची किटली घेऊन काशीनाथच्या सासूबाई, विमलाबाई, येत होत्या. चेंडू त्यांच्या कानाजवळून गेला आणि मागे गोठ्याचे कौल फुटले.

विमलाबाई किटली खाली ठेवून म्हणाल्या, "जावईबापू, सासू एकच हाय. जरा जपून."

त्या हसल्या, पण काशीनाथ पांढराफटक पडला होता. आणि मी? मी लोखंडाची, तरी आतून गार झाले. चार बोटांचे अंतर राहिले नसते तर माझ्या हातून एक जीव गेला असता. मला हात नाहीत, पण पाप लागायला हात लागतातच असे थोडेच आहे?

त्या दिवसापासून काशीनाथने मला गळा दाबावा तशी धरायला सुरुवात केली. काठी हातात सैल पडली म्हणून असे झाले, ही त्याची समजूत. त्याने माझ्या मुठीवर सुतळी गुंडाळली आणि आणखी आवळली. बोटे पांढरी व्हायची, खांदे कानाला लागायचे, मनगट वळायचेच नाही. प्रत्येक चेंडू उजवीकडे पळायचा. चेंडू पळाला की तो आणखी भ्यायचा, आणि भ्याला की आणखी आवळायचा. चाचणी जवळ येत होती. जेवायला वाढताना उर्मिलाचा हात थबकायचा.

कार्तिकी एकादशीला चेण्याच्या देवळात भजन होते. विमलाबाई भजनी मंडळातल्या जुन्या टाळकरीण. एक बाई आली नव्हती, म्हणून त्यांनी टाळ काशीनाथच्या हातात दिले. त्याने मला धरतो तसेच टाळ मुठीत आवळले. टाळ वाजेनात, नुसते खट्‌खट् करू लागले. दाराशी टेकून ठेवलेली मी ते ऐकत होते.

अभंग संपल्यावर विमलाबाई त्याच्याजवळ बसल्या आणि त्याची बोटे एकेक करून सोडवली.

"मुठीत दाबला की टाळ मुका होतो. दोरी पडणार न्हाय इतकीच धरायची. बाकी त्याचं त्याला वाजू द्यायचं."

"सुटला तर, मामी?"

"सुटत न्हाय रे. भ्यालेल्या हाताला तसं वाटतं."

दुसऱ्या सकाळी त्याने सुतळी सोडली. विमलाबाई त्याच्या पाठीमागे बसून संथ टाळ धरू लागल्या. एका ठोक्याला मी वर जायचे, दुसऱ्याला खाली यायचे. चेंडू लगेच सरळ गेले असे नाही. पण मला श्वास घेता येऊ लागला.

चाचणीच्या दिवशी साहेब लोक नेमके उजव्या बाजूला उभे राहिले. काशीनाथची बोटे पुन्हा आवळली. मी मनातल्या मनात पांडुरंगाचा धावा केला. आज कोणाच्या तरी डोक्यात मी चेंडू घालणार, हेच डोळ्यांपुढे येत होते. एवढ्यात त्याच्या ओठांवर पुटपुटणे ऐकू आले, "विठ्ठल, विठ्ठल." करंगळी ढिली झाली. मग शेजारचे बोट. मी वर गेले, खाली आले, आणि चेंडू दूरवर रोवलेल्या झेंड्याच्या दिशेने सरळ गेला. नंतरचेही बहुतेक तसेच गेले. त्याला ठेवून घेतले.

पुढे किती जणांना त्याने शिकवले. एखाद्याची बोटे पांढरी दिसली की तो रागवायचा नाही. खिशातून टाळ काढून त्याच्या हातात द्यायचा आणि वाजवायला सांगायचा. मोठमोठे अधिकारी ओशाळून टाळ कुटायचे.

आता विमलाबाई नाहीत. काशीनाथ थकला. मी दारामागे उभी असते आणि पात्यावर गंज चढतो आहे. तुमच्या घरी असे कोणी जुने असेल तर अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि एवढे करा, मित्रांनो. कशाला तरी घाबरून मुठी आवळल्या गेल्या की चेण्याच्या विमलाबाईंची आठवण काढा. भंगारवाल्याची हाळी ऐकली की मला अजून भीती वाटते. तेव्हा मीही त्यांचीच आठवण काढते.