बावन्न टक्के डावीकडे

वॉटफर्डच्या देसी दुकानात नारळ कानाशी धरून हलवून बघायला परवानगी आहे, फोडून बघायला नाही.

बोल्टच्या पोटात भोक पाडलं तर तो हलका होतो. तुटत नाही, मात्र भोक पाडणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळायला हवं.

गाडीचं पांढरं छप्पर नवख्या ड्रायव्हरचं. मग पिवळं, मग निळं. लाल छप्पर सगळ्यात चांगल्या ड्रायव्हरचं, आणि शर्यत सुरू होताना त्यालाच सगळ्यांच्या मागे उभं करतात.

शनिवारी शटर उघडत नाही.

काट्यावरचा कीथ चहात दूध आधी घालतो.

*

बर्मिंगहॅमच्या बाहेर एक ट्रॅक आहे. डांबराची अंडाकृती पट्टी, भोवती तारांचं कुंपण. त्यावर स्टॉक कार धावतात: पुढेमागे लोखंडी गर्डर लावलेल्या, छप्पर रंगवलेल्या, एकमेकींना ढकलायची उघड मुभा असलेल्या गाड्या. त्या फक्त डावीकडे वळतात. म्हणून वजन डावीकडे असेल तर गाडी वळणावर चिकटून राहते. म्हणून नियम असा, की डाव्या चाकांवर एकूण वजनाच्या बावन्न टक्क्यांहून जास्त भार नको.

एफ्राईम आष्टमकर रिटायर होईपर्यंत ब्रेकच्या कंपनीत इंजिनिअर होता. नियमाबद्दल त्याचं मत पक्कं होतं.

"बावन्नपर्यंत चालतं ना? मग बावन्नपर्यंतची जागा आपली. ती रिकामी सोडणारा सज्जन नाही. आळशी."

गाडी त्याची मुलगी जेमिमा चालवायची. या खेळातल्या बहुतेक शर्यती शनिवारी संध्याकाळी असतात, आणि शनिवारी आष्टमकरांच्या गॅरेजचं शटर उघडत नाही. एफ्राईम फारसा धार्मिक ज्यू नाही, पण शब्बाथ म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी काम नाही. म्हणून जेमिमा फक्त रविवारी धावायची, इतरांपेक्षा निम्म्याच शर्यती. दोन सीझन तिचं छप्पर निळंच राहिलं. आज सीझनमधला शेवटचा रविवार. आज जिंकली तर लाल.

ती जिंकली. शेवटच्या वळणावर तिने पुढच्या गाडीला मागून बंपर लावून बाहेर सरकवलं, आतून निघाली, आणि रेषा ओलांडल्यावर एक हात बाहेर काढला. कुंपणाजवळ तिची आई हॅनाह टाळ्या वाजवत होती आणि त्याच वेळी डोळेही झाकत होती.

*

काटा म्हणजे चार चाकांखाली चार पत्रे आणि एक छोटा स्क्रीन. जिंकलेली गाडी त्यावर चढते.

५२.०३

"काटा चुकतोय," एफ्राईम मराठीत म्हणाला. मग तेच इंग्रजीत म्हणाला.

तपासनीस कीथ ऐकून घेणारा माणूस होता. "असेलही. गाडी खाली घ्या. मी काटा शून्यावर आणतो. मग परत चढवा. एकदाच."

त्याने पाठ वळवली आणि मशीनवर वाकला.

दोरीपलीकडून हॅनाह हळूच म्हणाली, "अहो. आत डबा आहे."

"कसला डबा?"

"मलिद्याचा. नवीन इंजिन बसवलंत, कुणी देवाचं काही केलं का? म्हटलं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मलिदा करावा. गाडीतून फिरून आला की सगळ्यांना वाटायचा."

"केवढा डबा?"

"तीन पुडांचा."

"हॅनाह, मी वजन विचारतोय."

"मला काय माहीत! पोहे, साखर, नारळ, सफरचंदं, केळी, खजूर. माणसं किती असतात इथे. पुरायला नको?"

प्रणय गाडीला टेकून उभा होता. तो मूळचा नागपूरचा, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी मात्र या गाडीखाली झोपलेला असायचा. "काका," तो म्हणाला, "एका ब्रॅकेटमधून चाळीस ग्रॅम घासायला मी दोन रविवार घालवले. मी देव मानत नाही. तरी तुमच्या देवाने मला हरवलं."

एफ्राईमला हसू आलं नाही. त्याने कीथच्या पाठीकडे पाहिलं.

"काढ तो डबा."

"काका..."

"गाडी बरोबर आहे. डबा म्हणजे गाडी नव्हे. त्याला गाडीचं वजन हवंय, आपण गाडीचं देऊ. हॅनाहच्या पिशवीत टाक. पटकन."

प्रणय आत वाकला. डबा सीटच्या मागे, डाव्या बाजूला, पट्ट्याने करकचून आवळलेला होता. पट्ट्याचं उरलेलं टोक नीट दुमडून आत खोचलेलं, जेमिमा आपल्या सीटच्या पट्ट्याचं खोचते तसं. प्रणयने त्या टोकाकडे पाहिलं, मग जेमिमाकडे. त्याने बकलला हात लावला नाही.

जेमिमा टायरवर बसली होती, मांडीवर हेल्मेट.

"पप्पा, नको."

"तू गप्प बस. लाल छप्पर आहे ते."

"आय नो काय आहे ते. माझा छप्पर आहे. पण तो डबा पण सगळे लॅप्स केलाय. फिनिश लाइन जे जे क्रॉस केला, ती गाडी. तूच म्हणतो ना, बावन्नपर्यंत आपली?"

"म्हणतो."

"मग पुढचा कुणाचा?"

हॅनाह म्हणाली, "मीच दिला घोळ घालून. मला बोला काय बोलायचं ते."

जेमिमा उठली. "कीथ," ती इंग्रजीत म्हणाली, "गाडीत एक वस्तू आहे."

*

कीथने डब्याचा वरचा कप्पा उघडून वास घेतला.

"हे काय?"

"खायचं आहे. आशीर्वादाचं."

"वाढीव वजन बोल्टने बसवलेलं हवं," कीथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आणि पांढरं रंगवलेलं."

"पोहे पांढरेच आहेत," प्रणय मराठीत पुटपुटला. हॅनाहने त्याच्या दंडावर चापट मारली.

कीथने गाडी बाद केली. लाउडस्पीकरवर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव आलं आणि कुंपणापलीकडचे लोक ओरडले.

"एक विनंती आहे," एफ्राईम म्हणाला. "डब्याशिवाय एकदा बघू?"

"निकालासाठी नाही."

"नाही. फक्त बघायला."

कीथने जेमिमाकडे पाहिलं, मग मान हलवली.

५१.९६

एफ्राईम त्या आकड्यासमोर वाकला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोन काढून त्याने स्क्रीनचा फोटो घेतला.

"हॅनाह."

"काय?"

"उजवीकडे ठेवला असतास तर आकडा आणखी खाली आला असता."

"पुढच्या वेळी उजवीकडे," हॅनाह म्हणाली.

व्हॅनचा मागचा दरवाजा उघडून त्यावर कागदी प्लेट मांडल्या. एफ्राईमने आधी खजुरावर ब्राखा, आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली, मग सफरचंदावर, नेहमीपेक्षा जरा भरभर. हॅनाहने पहिली प्लेट जेमिमाला दिली, आणि देताना तिच्या केसांतली डांबराची खडी काढली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. कीथ कप घेऊन आला. त्याला गोड पोहे आवडले. चमच्याने खावेत की हाताने, असं त्याने विचारलं. प्रणय म्हणाला, नियमात दोन्ही बसतं.

गाडी व्हॅनमागच्या ट्रेलरवर चढवली तेव्हा छपरावर पाऊस भुरभुरत होता. निळा रंग ओला झाला की काळसर दिसतो. एफ्राईमने ताडपत्री ओढली आणि चारही कोपरे स्वतः बांधले.

सकाळी हॅनाहने डबा जेमिमाच्या हातात दिला होता. गाडीत उजवीकडेही जागा होती. तो डावीकडे बांधला जेमिमाने.