वीतभर जागा

माझे सासरे निवृत्त सुतार. आमचं लाकडी घर त्यांनीच बांधलं. त्यातल्या भिंतींचं कौतुक ते जितकं करतात, तितकं मुलीचंही करत नाहीत, मग जावयाचं तर सोडाच. थंडीसाठी आम्ही लोखंडी शेगडी घेतली आणि तिच्या धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा फोन आला.

"जावईबापू, शनिवारी बघायला येतो. काम नीट नसेल तर थंडी संपेपर्यंत राहीन आणि स्वतः करीन. बॅग भरूनच येतोय."

"राहिले तर तुझ्या घोरण्यावरही उपाय काढतील," बायको म्हणाली. "रंधा घेऊन."

पाइप बसवणाऱ्या पत्रेकाकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "पाइपाच्या चारी बाजूंनी वीतभर जागा सोडून भोक पाडून ठेवा. पुढचं मी बघतो." शनिवारी सकाळी मी करवत काढली. एक वीत, बाजू चार. हिशेब सोपा. प्रत्येक बाजूला तीन-तीन बोटं आली. भोक असं गोल झालं की मी बायकोला हात धरून बघायला आणलं.

पत्रेकाका आले आणि भोकासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वीत म्हणजे काय चार भावांत वाटायची जमीन आहे? प्रत्येक बाजूला एक वीत. पाइप तापला की ही फळी पेटेल. वाढवा. मी तोवर टेम्पोतून पत्रा आणतो."

मी उजवीकडे वाढवलं. जरा जास्तच झालं, म्हणून डावीकडे वाढवलं. मग ते आडवं दिसायला लागलं, म्हणून वर-खाली. पत्रेकाका परत आले तेव्हा शेजारच्या मावशी बाहेरून दोन्ही कोपरं भोकात टेकवून माझ्या बायकोशी गप्पा मारत होत्या.

"खिडकी छान काढलीत हो," मावशी मला म्हणाल्या. "पडदे कुठले लावणार?"

"बाबांची बस चारला येते," बायको म्हणाली. ती मावशींना म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

पत्रेकाकांनी माझ्या हातातली करवत काढून घेतली. जास्तीचं भोक फळ्यांनी बुजवलं. उरलेल्यात पत्र्याची दुहेरी नळी बसवली आणि तिच्या दोन पदरांमध्ये न जळणारी लोकर ठासली. नळीतून पाइप बाहेर नेला, बाहेरच्या बाजूला थोडा चढ ठेवून. शेवटी दोन्हीकडून गोल पत्रे ठोकले. माझी कलाकुसर झाकायची म्हणून आतला पत्रा चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढा लागला.

सासरे आले तेव्हा शेगडी तासभर पेटलेली होती.

"घड्याळ मोठं घेतलंत," ते म्हणाले. "काटे कुठेत?"

मग त्यांनी पत्र्याशेजारच्या फळीवर तळहात टेकवला. बराच वेळ टेकवला. मी त्यांच्या बॅगेकडे बघत होतो. बॅग खरंच भरलेली होती.

"गार आहे," ते म्हणाले.

बायकोने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"भोक कोणी पाडलं?"

"मी."

"आणि काम?"

"पत्रेकाकांनी."

"तेच म्हटलं." ते चहा प्यायले आणि सहाच्या बसने परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी करवत शोधत होतो.

"बाबा घेऊन गेले," बायको म्हणाली. "नीट पोचली म्हणून फोनही आला होता."